‘आईवर प्रयोग करतील का?’ : कॅन्सरच्या ट्रायलबद्दल इंदूरहून एक उत्तर

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. इंदूरच्या रामबागेत राहणाऱ्या एका मुलाने विचारलंय. आईचं वय ५८. गालाच्या आतल्या बाजूचा कॅन्सर. दोन वर्षांपूर्वी ऑपरेशन झालं, त्याच वेळी मानेतल्या गाठीही काढल्या, मग रेडिएशन झालं. आता गाठ पुन्हा आली आहे आणि ऑपरेशन करण्यासारखं राहिलेलं नाही. डॉक्टरांनी एक ट्रायल सुचवली आहे: एका गटाला नेहमीच्या गोळ्या, दुसऱ्या गटाला त्याच गोळ्या आणि वर एक नवं औषध. मामा म्हणतात, ‘इंदूरला ट्रायलच्या नावाखाली काय काय झालं ते विसरलास का? सरळ अवंतिका एक्सप्रेसने मुंबईला घेऊन जा.’ मुलाचे प्रश्न तीन. आईला खोटं औषध देतील का? ट्रायलमध्ये गेल्याने ती जास्त जगेल का? आणि आजार उलटल्याचं तिला सांगितलेलं नाही, तर फॉर्मवर मी सही केली तर चालेल का?

मी डॉक्टर नाही. इंदूरमध्ये १९ वर्षं कॅन्सरच्या ट्रायलमध्ये स्टडी कोऑर्डिनेटर म्हणून काम करते आहे. डॉक्टरांनी ट्रायल सुचवली की पुढे पेशंटच्या शेजारी बसून तो जाडजूड कागद वाचणारी, रक्ताच्या नळ्या बर्फात घालून कुरियरला देणारी, उरलेल्या गोळ्या मोजणारी आणि रात्री अकराला ‘ताई, उलटी थांबत नाहीये’ म्हणून येणारा फोन उचलणारी बाई ती मी. औषध कोणतं हे तुमचे डॉक्टर ठरवतील. बाकीचं जे मला माहीत आहे ते सगळं सांगते.

मामांपासून सुरुवात करते, कारण त्यांची भीती पोकळ नाही. पेशंटना नीट न सांगता त्यांच्यावर औषधचाचण्या केल्याच्या आरोपांवरून इंदूरमध्ये जे प्रकरण गाजलं, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनीच वाचल्या. इथल्याच स्वास्थ्य अधिकार मंचाने २०१२ साली सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. मी स्वतः नवखी असताना एका ठिकाणी पाहिलेलं सांगते. ओपीडीच्या गर्दीत, टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवलेला इंग्रजी फॉर्म, आणि एका आजोबांचा अंगठा शाईत बुडवून त्यावर टेकवलेला. पाच मिनिटंही लागली नाहीत. बोट पुसता पुसता त्यांनी मला विचारलं, ‘बाई, आता औषध फुकट मिळेल ना?’ त्यांना वाटलं होतं, हा मोफत औषधाचा पर्चा आहे. मी तिथे उभी होते आणि काही बोलले नाही. ते मला आजही बोचतं. पुढची सगळी वर्षं मी कागद सावकाश वाचून दाखवते, त्यामागे ते आजोबा आहेत.

पण मामांना हेही सांगा की त्यानंतर नियम बदलले, आणि ते बदलण्यात आपल्या गावातून गेलेल्या त्या याचिकेचा मोठा वाटा आहे. जानेवारी २०१३ मध्ये नुकसानभरपाईचा नियम आला. मग दुर्बल गटातल्या पेशंटची नव्या औषधाच्या ट्रायलसाठीची संमती कॅमेऱ्यासमोर घेणं सक्तीचं झालं. २०१९ साली नवी औषधे आणि क्लिनिकल चाचण्यांचे नियम लागू झाले. आज ट्रायल नैतिकता समितीने मंजूर केल्याशिवाय सुरू होत नाही. त्या समितीत किमान सात माणसं लागतात, निम्मी त्या संस्थेबाहेरची, आणि त्यात एक तरी साधा माणूस, म्हणजे डॉक्टर नसलेला, संशोधनाशी संबंध नसलेला. ट्रायलमध्ये पेशंटला काही इजा झाली, तर गरज असेपर्यंत किंवा ती ट्रायलमुळे झालेली नाही हे सिद्ध होईपर्यंत उपचार मोफत करावे लागतात. नव्या औषधामुळे किंवा ट्रायलच्या चुकीमुळे मृत्यू वा कायमचं अपंगत्व आलं तर भरपाई द्यावी लागते. आजार आपल्या गतीने वाढला, तर मात्र भरपाई नाही. हा फरक घरातल्या सगळ्यांना आधीच कळलेला बरा, नंतर त्यावरून फार मनस्ताप होतो.

ट्रायल खरी आहे की नाही हे पाहायला एक सोपी गोष्ट करा: सीटीआरआयचा, म्हणजे देशातल्या ट्रायलच्या सरकारी नोंदवहीचा, नंबर मागा. २००९ पासून प्रत्येक औषधचाचणीची तिथे नोंद करावीच लागते आणि ती नोंद कुणालाही फुकट वाचता येते. कोणत्या आजाराच्या किती पेशंटना घेणार, कशाची तुलना कशाशी, पैसा कुणाचा, कोणकोणत्या हॉस्पिटलांत चालू आहे, सगळं तिथे असतं. नंबर द्यायला कुणी टाळाटाळ केली, किंवा ‘ट्रायलचं औषध आहे, इतके लाख भरा’ असं म्हटलं, तर तिथून उठा.

आता ‘खोटं औषध’. हा शब्द ऐकला की माझ्या पोटात कालवतं, कारण यामुळे चांगल्या ट्रायललाही लोक नाही म्हणतात. कॅन्सरमध्ये चालू आजारावर चांगलं औषध असताना पेशंटला नुसतं पाण्याचं सलाईन देऊन बसवत नाहीत. तुम्ही लिहिलंय त्यावरून तुमच्या आईंच्या ट्रायलमध्ये दोन्ही गटांना नेहमीच्या गोळ्या मिळणारच आहेत. प्रश्न फक्त वरच्या नव्या औषधाचा. एका गटाला ते मिळेल, दुसऱ्याला कदाचित तसंच दिसणारं पण औषध नसलेलं सलाईन. असं असेल तर कागदावर ते स्पष्ट लिहिलेलं असलं पाहिजे.

कोणाला काय, हे डॉक्टर ठरवत नाहीत. मीही नाही. मी संगणकावर पेशंटचा क्रमांक घालते, एक बटण दाबते आणि उत्तर येतं. तसलं सलाईन नसलेल्या ट्रायलमध्ये ते लगेच सगळ्यांना कळतं. नातेवाईक माझ्या खुर्चीमागे उभे असतात, कुणाच्या हातात जपाची माळ असते. नवं औषध आलं तर सुटकेचा श्वास, नाही आलं तर चेहरे पडतात. दर वेळी मला सांगावंसं वाटतं की अहो, कोणता गट भाग्यवान हे खरंच आपल्याला माहीत नाही, माहीत असतं तर ट्रायल कशाला केली असती!

उदाहरण देते. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरमध्ये आधी केमो आणि मग ऑपरेशन ही पद्धत बऱ्याच ठिकाणी आवडीने वापरायचे. बायकांनाही ऑपरेशन म्हणजे ‘काढून टाकलं, सुटलो’ असं वाटतं. मुंबईच्या टाटा हॉस्पिटलने ६३५ बायकांची ट्रायल केली आणि २०१८ साली निष्कर्ष छापला: पाच वर्षांनी आजार न उलटलेल्या बायका केमोनंतर ऑपरेशनवाल्या गटात ६९.३ टक्के, केमोबरोबर रेडिएशन घेतलेल्या गटात ७६.७ टक्के. म्हणजे जुना, कमी दिमाखाचा उपचारच सरस ठरला. त्या ट्रायलमध्ये ज्यांना ऑपरेशनचा गट आला त्या तेव्हा किती खूश झाल्या असतील, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

आणि दुसरं उदाहरण तर तुमच्या घरातलं आहे. आईंच्या पहिल्या ऑपरेशनच्या वेळी मानेतल्या गाठीही काढल्या. तपासणीत मान साफ दिसत असेल तर गाठी तेव्हाच काढायच्या की नंतर काही दिसलं तर बघायचं, यावर सर्जनांमध्ये कित्येक वर्षं दोन तट होते. टाटामध्येच २००४ ते २०१४ या काळात तोंडाच्या कॅन्सरच्या पेशंटवर ही ट्रायल झाली. पहिल्या ५०० पेशंटचे आकडे मांडले तेव्हा तीन वर्षांनी हयात असलेले, लगेच गाठी काढलेल्यांत ८० टक्के आणि थांबलेल्यांत ६७.५ टक्के निघाले. फरक इतका मोठा होता की आकड्यांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र समितीने ट्रायल तिथेच थांबवायला सांगितली. २०१५ साली हे छापून आलं. आज इंदूरमधला सर्जनही मानेबद्दल निर्णय घेताना ज्या आकड्यांकडे पाहतो, ते त्या ५०० माणसांनी दिलेले आहेत.

आता तुमचा दुसरा, सगळ्यात अवघड प्रश्न: ट्रायलमध्ये गेल्याने आई जास्त जगेल का?

ट्रायलमधले पेशंट बाहेरच्यांपेक्षा जास्त जगतात, असं तुम्ही खूप ठिकाणी वाचाल. आकडे तसे दिसतात हे खरं आहे. पण ट्रायलमध्ये कोण येतं ते मी रोज बघते. हिमोग्लोबिन ठरावीक रेषेच्या वर लागतं, किडनी-लिव्हर ठीक लागतात, माणूस आपल्या पायांनी चालत आलेला लागतो. जो खाटेला खिळलाय त्याला आम्ही घेऊच शकत नाही. मग आत आलेले जास्त जगले यात औषधाचं श्रेय किती आणि त्यांच्या मूळच्या ताकदीचं किती? २०२४ साली ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात असे ३९ अभ्यास एकत्र करून पाहिले गेले. वरवर पाहता ट्रायलवाल्यांचा फायदा मोठा दिसला, पण ही निवड आणि अभ्यासांमधल्या इतर त्रुटी वजा केल्यावर तो जवळजवळ उरला नाही. नुकसानही दिसलं नाही. म्हणून ‘ट्रायलमध्ये घाला, तिथे जास्त जगतात’ असं कुणी सांगितलं तर त्या भरवशावर निर्णय घेऊ नका, आणि ‘ट्रायलमध्ये माणसं मारतात’ यावरही नको.

त्या विशिष्ट औषधाने फायदा होईल का, हा वेगळा प्रश्न, आणि त्याचं उत्तर कधी कधी खूप आशादायक निघतं. तुमच्या आईंसारख्याच, उलटलेल्या तोंडा-घशाच्या कॅन्सरवर टाटामध्ये एक ट्रायल झाली. मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि एर्लोटिनिब या तीन गोळ्या एका गटाला. दुसऱ्याला त्याच गोळ्या आणि दर तीन आठवड्यांनी निवोलुमॅबचं फक्त २० मिलिग्रॅमचं इंजेक्शन, म्हणजे नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी. १५१ पेशंट होते. नुसत्या गोळ्यांवर एक वर्षाने १०० पैकी सुमारे १६ जण हयात होते, इंजेक्शन जोडल्यावर ४३. मधला आकडा, ज्याला डॉक्टर ‘मीडियन’ म्हणतात, तो ६.७ महिन्यांवरून १०.१ महिन्यांवर गेला. मीडियन ऐकून लोक कॅलेंडर काढून महिने मोजायला बसतात. तसं करू नका. त्याचा अर्थ एवढाच की निम्मे त्याआधी गेले आणि निम्मे त्या दिवशी होते, त्यातले काही त्यानंतर पुष्कळ काळ होते. तुमच्या आई कोणत्या निम्म्यात, हे तो आकडा सांगत नाही.

हे इतकं लांबवून सांगितलं कारण तुम्ही डॉक्टरांना विचारायचा खरा प्रश्न यातूनच निघतो. ‘ट्रायल चांगली आहे का?’ असं विचारलंत तर उत्तर ‘हो’च येईल. त्याऐवजी विचारा: ‘आम्ही नाही म्हटलं, तर सोमवारपासून आईला कोणतं औषध सुरू कराल? आणि त्याचा खर्च किती?’ मग ट्रायलमधला साधा गट, म्हणजे नवं औषध न मिळणारा, समोर ठेवा. तो बाहेर मिळणाऱ्या उपचाराच्या बरोबरीचा असेल तर ट्रायलमध्ये तुमचं काही जात नाही, वर नव्या औषधाची संधी. पण साध्या गटात नुसत्या गोळ्या असतील आणि बाहेर डॉक्टर गोळ्यांबरोबर ते कमी मात्रेचं इंजेक्शन द्यायला तयार असतील, आणि तो खर्च तुम्हाला झेपणारा असेल, तर थांबा. हा मुद्दा डॉक्टरांसमोर मांडा, ‘आईला साधा गट आला तर ती मागे तर राहणार नाही ना?’ असं स्पष्ट विचारा. चांगला डॉक्टर या प्रश्नावर चिडत नाही. हेही विचारून ठेवा की साध्या गटात आजार वाढला तर पुढे नवं औषध मिळण्याची सोय आहे का, आणि ट्रायल संपली तेव्हा औषध आईंना लागू पडत असेल तर ते पुढे मिळेल का.

किती दिवसांत औषध सुरू होईल, तेही. पेशंट ट्रायलमध्ये बसतो का हे पाहण्याच्या (स्क्रीनिंगच्या) तपासण्या, स्कॅन, जुन्या गाठीचा ब्लॉक, म्हणजे मेणात जपून ठेवलेला तुकडा, लॅबमधून मागवणं, यात दोन-तीन आठवडे सहज जातात, आणि शेवटी एका रिपोर्टवरून ‘बसत नाही’ असं निघू शकतं. ते सांगताना माझीच जीभ जड होते. त्यासाठी दुसरा उपचार आधीच ठरवून ठेवा, म्हणजे नकार आला तरी दुसऱ्या दिवशी सुरुवात करता येईल.

ट्रायलमध्ये नक्की काय मिळतं तर शिस्त. ठरलेल्या दिवशी तपासणी, ठरलेल्या दिवशी स्कॅन, त्रास झाला की एक माणूस फोनवर. औषध आणि ट्रायलच्या जांचांचे पैसे लागत नाहीत. त्याची किंमत म्हणजे जास्त सुया, जास्त फेऱ्या आणि लिहिण्याचं काम. एक काका, वय साठीच्या पुढे, दर भेटीला गोळ्यांच्या रिकाम्या स्ट्रिपा चिवड्याच्या स्टीलच्या डब्यात घालून आणायचे, कारण घरी नातवंडांच्या हाताला लागू नयेत. एकदा मोजताना नऊ गोळ्या जास्त निघाल्या. डायरीत मात्र रोजची खूण व्यवस्थित. मी काही न बोलता डबा त्यांच्यासमोर सरकवला. भाचीच्या लग्नात चार दिवस जुलाब झाले, म्हणून गोळ्या बंद ठेवल्या होत्या, आणि सांगितलं तर ट्रायलमधून काढतील या भीतीने लपवलं. खरं तर सांगितलं असतं तर मात्रा कमी करून त्यांचा त्रास त्याच आठवड्यात थांबला असता. नियमात ती सोय होती. म्हणून आईंना सांगा, त्रास लपवायचा नाही. आणि घरचा काढा, गुळवेल, कुणी आणून दिलेली पुडी, जे काही चालू असेल ते सगळं सांगायचं. लिव्हरचे आकडे वाढले की आम्ही नव्या औषधाला दोष देत बसतो आणि कारण स्वयंपाकघरातल्या ओट्यावर असतं.

मुंबईबद्दल. एकदा जाऊन दुसरं मत जरूर घ्या, सगळे रिपोर्ट, स्लाइड आणि ब्लॉक बरोबर घेऊन. पण तिथल्या ट्रायलमध्ये नाव घालायचं तर दर तीन आठवड्यांनी रात्रीचा प्रवास आईंना झेपेल का, तोंड नीट उघडत नसताना त्या गाडीत काय खातील, हे पाहा. दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत कॅन्सरचे पेशंट उतरतात, तिथे जागा मिळाली तर मोठा आधार होतो. येण्याजाण्याचा खर्च ट्रायल देते का, बरोबरच्या माणसाचाही देते का, हे कागदात बघा, नसेल तर विचारा. इथे आणि तिथे औषध तेच मिळणार असेल तर मी इंदूर म्हणेन. घरचं अन्न आणि आपली खाट याचं मोल मी फार जवळून पाहिलंय.

आता तुमचा तिसरा प्रश्न. नाही, चालणार नाही. आई शुद्धीवर आहेत, त्यांना समजतं, मग सही त्यांचीच. मुलाने, नवऱ्याने, कुणीही त्यांच्या वतीने करायची नाही. आणि त्या कागदाच्या पहिल्याच पानावर आजार परत आल्याचं लिहिलेलं असतं, तो त्यांच्यापासून लपवून ट्रायल होऊच शकत नाही. कागद त्यांना कळेल त्या भाषेत मिळणं हा त्यांचा हक्क आहे. आपल्याकडे हिंदीच पुढे करतात. बहुतेकांना चालतंही, पण आई मराठीच वाचत असतील तर मराठी मागा. मुंबईतही केंद्र असेल तर मराठी प्रत बहुतेक तयार असते आणि ती इथल्या समितीच्या मंजुरीने वापरता येते. कागद घरी न्या. ‘आत्ताच सही करा’ असं कुणी म्हणू शकत नाही.

नारायणबागेतल्या एका काकूंनी तो कागद तीन दिवस घरी ठेवला होता. सून रात्री जेवणं आटोपल्यावर वाचायची आणि काकू पेन्सिलने खुणा करायच्या. परत आल्या तेव्हा अकरा प्रश्न होते. माझं रक्त मुंबईला कशाला? मधेच सोडलं तर डॉक्टर रागावतील का? (नाही, आणि सोडायला कारणही द्यावं लागत नाही, उपचार चालू राहतात.) अकरावा प्रश्न सुनेच्या बाळंतपणाच्या तारखेचा होता. त्या आठवड्यात त्यांची भेट येत होती. नियमात तीन दिवस मागेपुढे करायची मुभा होती, आम्ही भेट दोन दिवस अलीकडे घेतली. चार महिन्यांनी काकूंनी ट्रायल सोडली, फेऱ्या नको झाल्या होत्या. त्याच डॉक्टरांकडे, त्याच खुर्चीवर बसून त्यांचे पुढचे उपचार झाले.

तुम्ही आईंना एकट्याने सांगू नका. ओपीडी संपल्यानंतरची वेळ मागून घ्या, म्हणजे दार सारखं वाजणार नाही. मामांनाही न्या, त्यांचे प्रश्न तिथेच विचारू द्या. ‘आईंना आजार परत आल्याचं अजून माहीत नाही’ हे डॉक्टरांना आदल्या दिवशी फोनवर कळवा. मग सांगण्याची सुरुवात ते करतील. तुम्ही फक्त आईंच्या शेजारच्या खुर्चीवर बसा, त्यांच्या समोरच्या नव्हे.